नवा माणूस विकीवर येतो, एक संपादन करतो आणि गायब होतो. काय करावं?

कवटीची_अंगठी (प्रश्न)

मंडळी, इंद्रजाल कॉमिक्स या जुन्या चित्रकथांच्या अंकांवर आमचा मराठी फॅन विकी आहे. वेताळ (म्हणजे फँटम), मॅण्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, बहादूर, सगळे नायक त्यात आहेत. चालवणारे आम्ही चार-पाच जण.

अडचण माणसांची आहे. खाती उघडणारे कमी नाहीत. व्हॉट्सअॅपवर कुणी दुवा टाकला की आठवडाभर नवी नावं दिसतात, एखादं मुखपृष्ठ चढतं, एखादी ओळ बदलते आणि मग कुणी फिरकत नाही. परवा एका सद्गृहस्थांनी वेताळाच्या एका अंकाच्या पानावर 'कथानक' या मथळ्याखाली स्वतःच्या लहानपणीची हकिगत लिहिली. वडील एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरून अंक कसे आणायचे, भावंडांत पहिलं कोण वाचणार यावरून मारामारी कशी व्हायची वगैरे. आमच्यातल्याच एका प्रचालकाने (विकीची व्यवस्था बघणाऱ्याने) ते लगोलग उलटवलं, म्हणजे काढून पान पूर्ववत केलं. बदलाच्या सारांशात दोन शब्द: 'विश्वकोशीय नाही'. तेव्हापासून ते गप्प आहेत. आणि त्यांनीच आधी चर्चापानावर लिहिलं होतं की साठच्या दशकातले मराठी अंक त्यांच्याकडे ट्रंकभर आहेत!

स्वागताचा साचा, म्हणजे ठरलेला तयार मजकूर, आम्ही प्रत्येकाला लावतो. त्यात सगळ्या नियमांचे दुवे आहेत. ते कुणी उघडत असेल असं वाटत नाही. तुमच्याकडे काय चालतं?

---

मुद्राराक्षसी

आधी त्या गृहस्थांना गाठा, बाकीचं नंतर. आणि 'आपले योगदान मोलाचे आहे' असलं सरकारी पत्र पाठवू नका. असं काहीतरी लिहा:

'नमस्कार काका. तुमचा स्टँडवरचा मजकूर गेलेला नाही, तुमच्या सदस्यपानावर हलवून ठेवलाय. अंकाच्या पानावर फक्त अंकातली गोष्ट ठेवतो, म्हणून. एक विचारायचं होतं, त्या अंकाच्या मलपृष्ठावर काय छापलंय? आमच्याकडच्या प्रतीचं मागचं पान फाटलंय.'

बघा, ट्रंक उघडतील. नव्या माणसाला नियम नको असतात, त्याला काम हवं असतं. तेही असं, की जे त्याच्याच हातून होईल आणि एका बैठकीत संपेल. 'कुठेही सुधारणा करा, विकी सगळ्यांचा आहे' म्हणणं म्हणजे लग्नघरी आलेल्या पाहुण्याला 'काय लागेल ते हातानं घ्या' म्हणून निघून जाणं. तो बिचारा ताट घेऊन उभाच राहतो.

मी छापखान्यात मुद्रितशोधनात आयुष्य काढलं, म्हणून माझी नजर गोष्टीआधी छपाईच्या तपशिलाकडे जाते. आपल्या विकीत नेमकं तेच कमी असतं. वेताळाची गोष्ट कुणीही सांगेल, इंग्रजीत तर ढिगाने सापडेल. पण मराठी अंकावर नाव काय छापलं होतं, किंमत किती होती, महिना कोणता, मुख्य कथा संपल्यावर उरलेल्या पानांत काय भरलं होतं, हे ज्याच्या हातात अंक आहे तोच सांगू शकतो. हे सगळं विचारून घ्या, पण माहितीचौकटीचा (पानावरच्या तपशिलांच्या तक्त्याचा) साचा पहिल्याच दिवशी त्याच्या पुढ्यात टाकू नका. महिरपी कंस आणि उभ्या रेघा बघून माणूस लॅपटॉप मिटतो. चर्चापानावर साध्या मराठीत उत्तर लिहू दे. पहिल्या अंकाची चौकट तुम्ही भरा आणि पानाच्या इतिहासातला त्या बदलाचा दुवा त्याला द्या. दुसरी त्याला भरू दे, धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर. चुकला तर तिथे बिघडण्यासारखं काही नसतंच.

आता दुरुस्तीचं. माझ्या मते माणसं टिकतात किंवा जातात ती इथेच. एक उदाहरण देते. इंद्रजालचा पहिला अंक मार्च १९६४ चा, वेताळाच्या कमरेच्या पट्ट्याची गोष्ट. आमच्याकडे एका नव्या पोराने त्या पानावर चित्रकार म्हणून साय बॅरी लिहिलं. चूकच. पण त्याचं गणित बघा: अंक १९६४ चा, बॅरी १९६१ पासून वेताळ काढत होता, म्हणजे चित्रं बॅरीची. बिनतोड! त्याला एवढंच ठाऊक नव्हतं की इंद्रजालमध्ये येणाऱ्या गोष्टी आधी अमेरिकी वृत्तपत्रांत चित्रपट्ट्या म्हणून येऊन गेलेल्या असत. ही गोष्ट विल्सन मकॉयने काढलेली, आणि मकॉय १९६१ मध्येच वारला. म्हणजे आपला अंक निघाला तेव्हा चित्रकार हयातही नव्हता.

नुसतं 'चूक, मकॉय' लिहून उलटवलं असतं तर पोरगा गेला असता. मी त्याला दोघांनी काढलेल्या चित्रांच्या चौकटी शेजारी शेजारी लावून दाखवल्या. मकॉयची रेघ सपाट आणि साधी, मागे फारसं काही नाही. बॅरीकडे सावल्या, स्नायू, झाडोरा, सगळं भरगच्च. वर सांगितलं की आपल्या साच्यात 'अंकाची तारीख' आणि 'मूळ पट्टीची तारीख' असे दोन रकाने असते तर तुझा घोटाळा झालाच नसता, तर तो दुसरा रकाना तूच सुचव. त्याने सुचवला. आज चित्रकारांच्या नोंदी तोच तपासतो आणि माझ्याशी भांडतोसुद्धा.

आणखी एक. कुणी लिहीत असताना त्याच्या अंगावर जाऊ नका. जतन केल्या केल्या तुम्ही शुद्धलेखन सुधारायला घुसलात, की पुढच्या जतनाला त्याला 'संपादन संघर्ष' असा फलक दिसतो. नव्याला वाटतं, आपणच काहीतरी मोडलं. अर्धा दिवस थांबलात म्हणून वेताळ काही म्हातारा होत नाही. 'फँटम', 'फॅण्टम', 'फॅन्टम' यावरही शिकवणी नको. तिन्हींची पुनर्निर्देशनं करून मोकळं व्हा, म्हणजे कुठलंही लिहिलं तरी माणूस त्याच पानावर पोचेल.

एक नियम मात्र पहिल्या दिवशीच, तोंडावर सांगायचा: अख्खा अंक स्कॅन करून चढवायचा नाही. इंद्रजाल १९९० मध्ये बंद झालं म्हणून हक्क संपले असं होत नाही, वेताळाचे हक्क किंग फीचर्स या अमेरिकी कंपनीकडे आहेत. मुखपृष्ठाचं लहान चित्र चालतं. माणूस उत्साहाने रात्रभर बसून स्कॅन करतो आणि सकाळी ते उडालेलं बघतो, मग तो परत येत नाही. त्याचं चुकतही नाही.

---

झटपट_नऊ

ताईंचं बहुतेक पटलं, पण एवढं हाताला धरून चालवायला वेळ कुणाकडे आहे? मी एका मोठ्या इंग्रजी सुपरहिरो विकीवर असतो. तिथे रोज इतके नवे येतात की साचा नसेल तर काहीच होणार नाही. आणि खरं सांगू? बरेच जण एक चूक दुरुस्त करायलाच आलेले असतात. करतात, जातात. त्यात वाईट काय? प्रत्येकाला मुक्कामी ठेवून घ्यायची गरज नाही.

साच्याबद्दल एक खबरदारी मात्र घ्या. फॅन्डम या विकींच्या संकेतस्थळावर जो आपोआप स्वागतसंदेश जातो त्याखाली नुकत्याच सक्रिय असलेल्या प्रचालकाची सही पडते. नव्याला वाटतं, खरंच कुणीतरी आपल्याशी बोललं. तो तिथेच शंका विचारतो, आणि ज्याची सही आहे त्याला पत्ताच नसतो. आम्ही संदेश तीन ओळींचा केला, त्यात एकच दुवा ठेवला (मदतीच्या पानाचा) आणि त्याखाली आलेली उत्तरं बघायची पाळी लावली.

---

मुद्राराक्षसी

@झटपट_नऊ, तुमच्याकडे महापूर आहे, यांच्याकडे नळाला थेंब थेंब. मोठ्या विकीवर एक गेला तर दुसरा येतो. साठच्या दशकातले मराठी अंक जपलेला माणूस पुन्हा कधी येणार, सांगा? पाळी लावायची कल्पना मात्र झकास. ती उचला.

---

कवटीची_अंगठी

काकांना काल रात्री लिहिलं, जवळपास ताईंच्याच शब्दांत. आज उत्तर आलं. मलपृष्ठाचा फोटो तर आहेच, वर बजावलंय की 'कथानकात तुम्ही डेंकाली लिहिता आणि नकाशात बंगाला, आधी एक काय ते ठरवा' (वेताळाच्या देशाची ही दोन नावं). ज्या प्रचालकाने उलटवलं होतं तोच आता त्या पानावर बसलाय: मूळ पट्टीत बंगाला, इंद्रजालमध्ये डेंकाली, अशी तळटीप करतोय.

साचाही कापला. 'विश्वकोशीय नाही' हा शेरा आमच्याकडे बंद. मजकूर काढला तर तो कुठे हलवला ते सारांशात लिहायचंच, असं ठरवलंय.

---

संत्रानगरी

मी इथे नवीन आहे. धागा वाचून आत्ताच तुमच्या विकीवर खातं उघडलं. माझ्याकडे बहादूरचे बरेच अंक आहेत, पण हिंदी. नागपूरला आमच्याकडे हिंदीच यायचे. मराठी विकीवर चालतील का? आणि काहींवर क्रमांकच नाही, म्हणजे त्या डुप्लिकेट प्रती आहेत का?

---

मुद्राराक्षसी

चालतील म्हणजे काय, धावतील. हिंदी अंकाला वेगळं पान करायचं नाही, त्याच पानावर 'इतर भाषांतील आवृत्त्या' मध्ये ओळ टाकायची. ती पहिली मी टाकून देते.

डुप्लिकेट नाहीत. आधीच्या अंकांना सलग क्रमांक होते, नंतर ते सोडून खंड आणि अंक छापायला लागले. मुखपृष्ठावर दोन आकडे शोधा, सापडतील.

आता तुम्हाला काम. बहादूर डिसेंबर १९७६ मध्ये आला, तेव्हा लेखन आबिद सुरतींचं आणि चित्रं गोविंद यांची. नंतर लेखनाला जगजित उप्पल आले. तुमच्या अंकांतला सगळ्यात जुना कुठला ते बघा आणि त्यात लेखक म्हणून कुणाचं नाव आहे ते इथेच लिहा. नाव छापलेलंच नसेल तर 'छापलेलं नाही' असं लिहा, तीही नोंदच आहे. आणि आत कुणी पेनने स्वतःचं नाव-गाव लिहिलं असेल तर फोटो काढताना तेवढं झाका.