मुरमाड रानात चिंच: रोप लावावे की कलम?

प्रश्न (मोहोळकर):
मोहोळ तालुक्यात माझे दोन एकर मुरमाड, उताराचे रान असून विहिरीचे पाणी जानेवारीनंतर पुरत नाही. ज्वारीचा भरवसा राहिला नसल्याने तेथे चिंच लावण्याचा विचार आहे. बांधावरच्या जुन्या झाडाचे चिंचोके टोकून रोपे करावीत की कलमे विकत घ्यावीत, आणि झाडे किती अंतरावर लावावीत, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (रोपवाटिका):
कलमेच घ्यावीत. चिंचोक्यापासून वाढलेले झाड मातृवृक्षासारखे निघेलच असे नाही, शिवाय त्याला फळ येण्यास आठ-दहा वर्षे लागतात. मृदकाष्ठ कलम (रोपाच्या कोवळ्या खोडावर चांगल्या झाडाची काडी बांधून केलेले) मात्र साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी धरू लागते. 'प्रतिष्ठान' ही छत्रपती संभाजीनगरच्या फळ संशोधन केंद्रातून आलेली जात आपल्या कोरड्या हवेला मानवते. अंतर १० × १० मीटर ठेवावे, म्हणजे एकरी ४० झाडे बसतात. आज ते विरळ वाटेल, पण पंधरा वर्षांनी फांद्या एकमेकींत घुसल्या की दाटीचा पश्चात्ताप होतो. मधल्या पट्ट्यांत पहिली काही वर्षे मटकी, हुलगा किंवा उडीद घेता येईल. पहिले दोन-तीन उन्हाळे मडक्याने का होईना पाणी द्यावे आणि कलमाच्या जोडाखालून येणारी खुंटाची, म्हणजे खालच्या मूळ रोपाची, फूट वेळच्या वेळी काढावी, कारण ती राहिली तर कलम मरते आणि आपण रानचिंच सांभाळत बसतो. उतार आहे हे उत्तमच, कारण पाणी साचणारी जागा या झाडाला सोसत नाही.

उत्तर २ (सांगोला):
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे; फक्त काढणीचा खर्च आधीच धरावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये टरफल ठिसूळ होऊन आतून सुटते आणि शेंग हलवली की खुळखुळते, तेव्हाच ती उतरवावी. आमच्याकडे एका वर्षी घाईने काठ्यांनी झोडपून काढली, त्यात कोवळ्या फांद्या मोडल्या आणि पुढचा बहर निम्म्यावर आला. चांगल्या वाळलेल्या १०० किलो शेंगांतून साधारण ५५ किलो गर, ३४ किलो चिंचोके आणि उरलेले टरफल व शिरा निघतात, त्यामुळे अखंड चिंच विकायची की फोडून, याचा हिशेब मजुरी पाहूनच करावा.

चिंचोके फेकू नयेत. आमच्या भागातील घोंगडी विणणारे लोक ते भाजून, साल काढून, भिजवून वाटतात आणि शिजवून त्याची खळ लोकरीच्या ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, लावतात. त्याशिवाय धागा मागावर टिकत नाही. सोलापूरसारख्या मागांच्या शहराजवळ राहून या पिठाला कचरा समजणे मला तरी पटत नाही.

मोहोळकर:
दोघांचेही आभार. बांधावरचे जुने झाड तोडावे, असे घरात चालले आहे, कारण त्याच्या सावलीत पीक येत नाही. ते राखावे का?

उत्तर ३ (रोपवाटिका):
राखावे. फळ गोड व गरदार असेल तर त्याच्याच काड्या घेऊन पुढच्या वर्षी जागेवर कलमे करता येतील. तोडायचेच ठरले, तर लाकूड जळणाला घालू नका. ते इतके चिवट असते की तेलघाण्याला आणि खाटकाच्या ओंडक्यालाही तेच लागते.