वॉल्टर टल: दहाच मॅच खेळला, मग एवढं काय?

रामबागची_आई (इंदूर)

नमस्कार मंडळी. मुलगा सातवीत आहे. शाळेत 'युद्धावर गेलेला खेळाडू' या विषयावर पाच मिनिटं बोलायचंय. चिठ्ठ्या टाकल्या, याच्या वाट्याला वॉल्टर टल आला. मी तर नावच पहिल्यांदा ऐकलं. बघितलं तर इंग्लंडचा जुना फुटबॉलपटू, लंडनच्या टॉटनहॅम क्लबकडून लीगच्या मॅच 10, गोल 2. पोरगा म्हणतो, "आई, दहाच मॅच खेळला तर एवढं काय? आपल्या गल्लीतले भिया याच्याहून जास्त खेळलेत."

आमच्याकडे सगळा कारभार क्रिकेटचा. सासऱ्यांना होळकर संघ आणि सी. के. नायडू सोडून तिसरं काही ऐकायचं नसतं. फुटबॉलचं विचारू कुणाला? शिवाय एके ठिकाणी वाचलं की तो ब्रिटिश सैन्यातला पहिला काळा अधिकारी. खरं का? भाषण शनिवारी आहे.

महूकर_लेफ्टहाफ

ताई, पोराचा प्रश्न चोख आहे, हिशेब मात्र अर्धाच केलाय. टॉटनहॅमनंतर टल नॉर्दॅम्प्टनकडून शंभरावर मॅच खेळला. आणि तिथे तो हाफ होता, म्हणजे मधल्या फळीतला. मी स्वतः महूच्या मुरमाड मैदानावर अकरा वर्षं लेफ्ट हाफ खेळलोय, निम्मी वर्षं अनवाणी, म्हणून सांगतो. हाफने समोरच्याच्या पायातला बॉल काढायचा, आपल्या फॉरवर्डला द्यायचा, आणि तो गोल करून मिरवत असताना धावत मागे यायचं. गोलांच्या यादीत हाफ शोधू नये.

आता माणूस बघा. जन्म 1888, इंग्लंडमधलं फोकस्टन. वडील बार्बाडोसहून आलेले सुतार, आई तिथलीच इंग्रज. सात वर्षांचा असताना आई गेली, नऊचा असताना वडील. वॉल्टर आणि भाऊ एडवर्ड लंडनच्या मेथडिस्ट अनाथाश्रमात. एडवर्डला ग्लासगोच्या घराने दत्तक घेतलं, तो पुढे दातांचा डॉक्टर झाला. वॉल्टर आश्रमातच राहिला.

क्लॅप्टन या हौशी संघाकडून खेळताना टॉटनहॅमची नजर पडली, 1909 साली. त्याच वर्षी ऑक्टोबरात ब्रिस्टलला मॅच होती. प्रेक्षकांतल्या एका टोळक्याने रंगावरून त्याला अशा शिव्या घातल्या की मासळी बाजाराने कान झाकावेत. वार्ताहराने टोळक्याला भ्याड म्हटलं आणि मैदानावरचा सगळ्यात चांगला फॉरवर्ड टलच होता असंही लिहिलं. थोड्याच दिवसांत हा राखीव संघात! कारण कुणी कागदावर लिहून ठेवत नाही. पोराचे 'दहाच' आले ते इथून.

1911 मध्ये नॉर्दॅम्प्टनने त्याला घेतलं. मॅनेजर हर्बर्ट चॅपमन, ज्यांनी पुढे हडर्सफील्ड आणि आर्सेनल हे संघ घडवले. त्या माणसाची नजर चुकायची नाही.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि डिसेंबर 1914 मध्ये टल भरती झाला मिडलसेक्स रेजिमेंटच्या 17व्या बटालियनमध्ये. तिला फुटबॉल बटालियनच म्हणत. सुरुवातीला पोरांना शनिवारी मॅच खेळायला सुट्टी मिळायची, कारण लीग एप्रिल 1915 पर्यंत चालूच होती. पुढे फ्रान्समधली सोम नदीकाठची लढाई. तोवर हा सार्जंट झाला होता.

मे 1917 मध्ये सेकंड लेफ्टनंट. हे महत्त्वाचं, कारण लष्कराच्या नियमावलीप्रमाणे कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळायला शुद्ध युरोपीय वंश लागे. आपल्याकडे तेव्हा हिंदी माणूस सुभेदार-मेजर झाला तरी काल मिसरूड फुटलेल्या गोऱ्या लेफ्टनंटच्या खालीच. आपल्या लोकांना गोऱ्या अधिकाऱ्यांसारखं किंग्ज कमिशन द्यायचं जाहीर झालं ऑगस्ट 1917 मध्ये. आणि ताई, त्यांच्या प्रशिक्षणाची शाळा कुठे निघाली? तुमच्याच इंदुरात, डेली कॉलेजात! पुढे लष्करप्रमुख झालेले करिअप्पा तिथूनच 1919 मध्ये बाहेर पडले. पोराला भाषणात हे घालायला सांगा.

इतिहासवेडा_ग्वाल्हेर

काका, झकास. फक्त 'पहिला' हा शब्द भाषणातून काढा. जॉर्ज बेमंड नावाच्या जमैकाच्या तरुणाला तोफखान्यात 1915 मध्येच कमिशन मिळालं होतं. काळा व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणूनही टल पहिला नाही. आफ्रिकेतल्या अक्रा शहरात जन्मलेला गोलकीपर आर्थर व्हॉर्टन त्याच्या वीस वर्षं आधीचा.

आणि मिलिटरी क्रॉस या शौर्यपदकाचं कुठे वाचलंत तर जपून. शिफारस झाल्याचं सहकाऱ्याने एडवर्डला पत्रात कळवलं होतं, पण लष्कराच्या दप्तरात तसा कागद सापडलेला नाही. इटलीत पियावे नदीपलीकडे 26 जणांना नेऊन सगळ्यांना सुखरूप परत आणलं, त्याबद्दल जनरलने लेखी शाबासकी दिली, हे पक्कं.

शेवट काकांनी लिहिलाच नाही.

महूकर_लेफ्टहाफ

लिहिणार होतो, चहा आला.

25 मार्च 1918, फ्रान्स. जर्मनांचा मोठा हल्ला, माघार चालू. टलला गोळी लागली. बिलिंगहॅम नावाचा शिपाई, लेस्टरच्या क्लबचा जुना गोलकीपर, त्याने गोळ्यांच्या माऱ्यात त्याला मागे आणायचा प्रयत्न केला. जमलं नाही. देह मिळालाच नाही. अरासच्या स्मारकावर नाव आहे. वय 29.

आमच्या टीममध्ये कुणी पडला की पहिला धावत यायचा तो गोलकीपर. त्याला सगळं मैदान समोर दिसतं ना.

रामबागची_आई (इंदूर)

काका, दादा, खूप आभार. काल रात्री आजोबांसमोर तालीम झाली. डेली कॉलेज आल्यावर सासऱ्यांनी मान वर केली, बिलिंगहॅमपाशी चष्मा काढला. मुलाने गल्लीतल्या भियांचं वाक्य स्वतःच खोडलं. अडचण एकच, पाच मिनिटांचं साडेसात झालंय. काय कापू?

महूकर_लेफ्टहाफ

टॉटनहॅम कापा.