भाड्याचं घर सोडून आरव्हीत (चाकांवरच्या घरात) राहायचं का? (फॅमिली ग्रुप)

छोटू: सगळ्यांना एक विचारायचंय. आमचं डेन्व्हरचं लीज मे महिन्यात संपतंय आणि परत भाडं वाढवणारेत, १,९५० चे २,१०० होणार. मी आणि मिनू सिरियसली विचार करतोय की आता घर नकोच, एक सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर (पिकअपने ओढायची आरव्ही) घ्यायचा आणि त्यातच राहायचं, दोघांचंही काम रिमोट आहे, उन्हाळ्यात कोलोरॅडो आणि थंडीत ॲरिझोना. ताई तू आणि भावोजी राहताय तसंच. हिशोब केला तर वर्षाला दहा-बारा हजार डॉलर वाचतील असं दिसतंय

मावशी: अरे पण राहायचं म्हणजे कायमचं? सुट्टीला जाणं वेगळं

काका: हिशोब टाक बघू इथे.

छोटू: ट्रेलर २५ हजाराला, पिकअप आहेच. पार्कची जागा महिन्याने घेतली तर ८०० च्या आसपास, आणि अधूनमधून बीएलएमच्या (सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याच्या) जमिनीवर फुकट. प्रोपेन, इंटरनेट, पेट्रोल धरून १,२०० च्या आत बसतं

ताई: छोटू आधी सांगते की आम्हाला हे आवडतं आणि आम्ही परत घरात जाणार नाही, त्यामुळे मी तुला घाबरवायला लिहित नाहीये. पण भाडं वाचवायचं म्हणून येत असशील तर तुझ्या हिशोबात बऱ्याच गोष्टी नाहीयेत. भाडं बंद होत नाही रे, ते वेगवेगळ्या नावांनी परत येतं. जागेचं भाडं येतं, विजेचं मीटर बऱ्याच पार्कात महिन्याच्या लोकांना वेगळं असतं, टायर पाच-सात वर्षांत बदलावेच लागतात मग ते कितीही कमी चाललेले असोत कारण रबर उन्हाने आणि वयाने जातं, छताचं सीलंट वर्षातून दोनदा बघायचं आणि जिथे भेग दिसेल तिथे लगेच भरायचं, नाहीतर पाणी आत जाऊन लाकूड कुजतं आणि ते बाहेरून दिसेपर्यंत भिंत मऊ झालेली असते. आणि ट्रेलरची किंमत दरवर्षी उतरते. २५ हजाराचा ट्रेलर चार वर्षांनी १५ ला विकलास तर महिन्याला दोनशेच्या वर तिथेच गेले, ते तू धरलेच नाहीयेस

ताई: आणि मुख्य म्हणजे जितकं जास्त हलाल तितकं महाग पडतं. ओढताना पिकअपचं मायलेज जवळजवळ निम्मं होतं, शिवाय रात्रीच्या दराने जागा घेतली तर महिन्याच्या दराच्या दुप्पट-तिप्पट सहज जातात. जे लोक खरंच पैसे वाचवतात ते एका जागी महिनोन्‌महिने उभे असतात

छोटू: पण बीएलएम तर फुकट आहे ना?

ताई: आहे, पण साधारण १४ दिवस, मग जागा सोडून लांब जावं लागतं, नॅशनल फॉरेस्टमध्येही बहुतेक ठिकाणी तेच. ॲरिझोनात क्वार्टझसाईट गावाच्या बाजूला बीएलएमच्या लाँग टर्म जागा आहेत, १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल पूर्ण सीझन राहता येतं, पण त्याला परमिटचे पैसे पडतात आणि तुझ्या साईटवर वीज-पाण्याचं कनेक्शन नसतं. म्हणजे सोलर, बॅटरी, पाणी भरून आणणं, टाक्या रिकाम्या करायला डंप स्टेशनला जाणं. दोघांच्या मीटिंग्ज चालू असताना हे सगळं करायचं. होतं, आम्ही केलंय, पण ते काम आहे आणि रोजचं आहे

मिनू: ताई मला टाक्यांचं कळलं नाही नीट, तीन असतात ना?

ताई: हो, चांगल्या पाण्याची फ्रेश, सिंक-शॉवरची ग्रे आणि टॉयलेटची ब्लॅक. पार्कात सांडपाण्याचं कनेक्शन असलं तरी ब्लॅकचा व्हॉल्व्ह कधीही उघडा ठेवायचा नाही. लोकांना वाटतं उघडा ठेवला की आपोआप जाईल, पण पाणी निघून जातं आणि घट्ट भाग तळाशी साचून बसतो, मग तो निघता निघत नाही. फ्लशला भरपूर पाणी वापरायचं, टाकी बऱ्यापैकी भरू द्यायची, मग एकदम सोडायची आणि तिच्यामागून ग्रे सोडायची म्हणजे पाईप धुतला जातो. हे एकदा अंगवळणी पडलं की काही वाटत नाही गं

ताई: आणि वजन बघ. पाणी गॅलनला ८.३ पौंड, ६० गॅलनची टाकी भरली की ५०० पौंड. ट्रेलरच्या दाराजवळ पिवळं स्टिकर असतं, त्यावर सामानाचं कमाल वजन लिहिलेलं असतं, ते बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. दिसायला भलामोठा ट्रेलर आणि सामानाला हजार पौंड असेही असतात. कायम राहणाऱ्यांचं सामान सुट्टीवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त असतं, त्यात तुझे दोन मॉनिटर, तुझी अवजारं, मिनूची पुस्तकं

मावशी: आणि पत्ता काय सांगायचा मुलांनो? बँक, लायसन, डॉक्टर सगळ्यांना पत्ता लागतो

काका: हा मुद्दा मी आल्यापासून मांडणार होतो. फुलटायमर (कायम आरव्हीत राहणारे) लोक बहुतेक टेक्सास, फ्लोरिडा किंवा साऊथ डकोटात कायमचा पत्ता करतात कारण तिन्हीकडे स्टेट इन्कम टॅक्स नाही. तुझ्या ताईचा पत्ता पण टेक्सासातला लिव्हिंग्स्टनचा आहे, एस्केपीज या आरव्हीवाल्यांच्या क्लबच्या मेल सर्व्हिसचा. पण छोटू, पत्ता टेक्सासचा आणि तू बसून काम कोलोरॅडोत करतोयस तर कोलोरॅडो त्या कमाईवर टॅक्स मागू शकतं, पत्ता बदलला म्हणून टॅक्स सुटला असं होत नाही. कंपनीच्या पेरोलला खरं काय ते सांगावं लागतं. दुसरं, इन्शुरन्स. साधी आरव्ही पॉलिसी असं गृहीत धरते की तुझं दुसरं घर आहे. तुला फुलटायमर पॉलिसीच लागेल, नाहीतर क्लेमच्या वेळी नाकारू शकतात. कर्ज घेणार असशील तर बँकेलाही स्पष्ट विचार, बऱ्याच बँका कायम राहणाऱ्यांना कर्ज देत नाहीत. काही उत्पादकांची वॉरंटीसुद्धा फुलटाईम राहिलं तर चालत नाही, ते कागद वाच.

काका: आणि सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. मिनू अजून एच१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) आहे ना?

मिनू: हो काका. छोटूचं ग्रीन कार्ड आहे, माझं अजून एच१बीच

काका: मग हे आधी वाच. तुझ्या एलसीएत, म्हणजे कंपनीने एच१बीसाठी कामगार खात्याकडे भरलेल्या अर्जात, कामाची जागा लिहिलेली असते. घरून काम करतेस म्हणजे तुझं घर हीच कामाची जागा. त्या मेट्रो भागाच्या बाहेर जाऊन काम करायला लागलीस तर कंपनीला आधी अमेंडेड पिटिशन (व्हिसाचा सुधारित अर्ज) फाईल करावी लागते, इमिग्रेशन खात्याच्या २०१५ च्या सिमिओ निर्णयापासून हे अगदी पक्कं आहे. थोड्या दिवसांच्या कामाला वेगळे नियम आहेत पण ते कंपनीच्या वकिलाकडूनच विचारून घ्यायचे, ग्रुपवरून नाही. म्हणजे थंडीत चार महिने ॲरिझोना हे तुझ्यासाठी कंपनीच्या मदतीशिवाय होणारच नाही. शिवाय पत्ता बदलला की दोघांनाही १० दिवसांत एआर-११ (पत्ता बदलल्याचा फॉर्म) भरायचा, ग्रीन कार्डवाल्यालाही. छोटू, तुला पुढे सिटिझनशिपचा अर्ज करायचाय, त्याला अर्ज करताना त्या राज्यात किंवा यूएससीआयएसच्या (इमिग्रेशन खात्याच्या) त्या डिस्ट्रिक्टमध्ये तीन महिने राहिलेलं दाखवावं लागतं. सतत फिरत राहिलास तर तेही गुंतागुंतीचं होतं.

छोटू: हे डोक्यातच आलं नव्हतं. सगळे व्हिडिओ बघितले त्यात कोणी बोलत नाही यावर

ताई: कारण ते व्हिडिओ करणारे बहुतेक सिटिझन असतात रे, त्यांना हा प्रश्नच नाही. माझ्या बाबांनी, म्हणजे तुझ्या काकांनी, बरं केलं काढलं ते

मिनू: मग डेन्व्हरच्या मेट्रोतच एका पार्कात महिन्याने राहिलो तर? फिरणं नंतर बघू. मला खरं सांगायचं तर फिरण्यापेक्षा कमी सामानात राहायची जास्त ओढ आहे, या अपार्टमेंटमध्ये अर्ध्या खोल्या आम्ही वापरतच नाही

ताई: मिनू, असं वाटत असेल तर तुम्हाला जमेल, मी मनापासून सांगते. जे फक्त पैशासाठी येतात ते पहिल्या थंडीत परत जातात आणि ज्यांना कमी जागा आवडते ते टिकतात, आमच्या पार्कात हेच बघतेय. पण मग डेन्व्हरची थंडी आली, त्याची तयारी आत्ताच करा. आरव्ही मुळात सुट्टीसाठी बनवलेली असते, भिंती दीड-दोन इंच. उणे पंधरा सेल्सियसला तुमची फर्नेस (प्रोपेनवर चालणारा हीटर) जवळजवळ थांबतच नाही. ३०,००० बीटीयूची फर्नेस सलग चालली तर २० पौंडाचा सिलिंडर १४ तासांच्या आसपास संपतो, म्हणजे मोठी टाकी भाड्याने देणारा पार्क शोधायचा. खालून वारा जाऊ नये म्हणून चारी बाजूंनी स्कर्टिंग, पाण्याला हीटेड होज, टाक्यांखाली हीटिंग पॅड. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नाही, त्यामुळे ती आतल्या बाजूला किंवा हीटर असलेली घ्यायची

छोटू: वीज आहे ना पार्कात, इलेक्ट्रिक हीटर लावू की

ताई: ३० ॲम्प म्हणजे १२० व्होल्टला ३,६०० वॉट, एवढंच सगळं घर. दीड हजार वॉटचे दोन हीटर चालू असताना मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडला. ५० ॲम्पच्या गाडीत चिकार वीज मिळते, शक्य असेल तर तीच बघा. आणि ओल! दोन माणसांचा श्वास, स्वयंपाक, त्यात प्रोपेन जळताना पाणी तयार होतं, फर्नेसचं बाहेर जातं पण शेगडीचं आतच राहतं, ते सगळं थंड खिडकीवर आणि गादीखाली जमतं. डिह्युमिडिफायर पाहिजेच, गादीखाली हवा खेळती ठेवायची, स्वयंपाक करताना वरचा पंखा चालू आणि खिडकी जराशी उघडी, कितीही थंडी असली तरी. कार्बन मोनॉक्साईडचा आणि गॅसचा डिटेक्टर दोन्ही एक्स्पायर होतात, मागे तारीख असते, जुना ट्रेलर घेतलात तर पहिल्याच दिवशी बदला. यावर मला फोन करून खात्री द्यायचीय तुम्ही

मावशी: ऐकूनच थंडी वाजली. ताईला सुरुवातीला मी किती नको म्हणाले होते, पण तिथे जाऊन महिनाभर राहून आले तेव्हा कळलं की शेजारपाजार आहे, संध्याकाळी लोक बाहेर खुर्च्या टाकून बसतात, कोणाचं काही बिघडलं की चार जण येतात. तेवढं मात्र मी सांगते, एकटं नाही वाटत

काका: एखाद्याच्या घराच्या ड्राईव्हवेत उभी करून राहू असा विचार असेल तर तोही आधी तपासा, बऱ्याच शहरांत आणि बहुतेक एचओएत (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेत) गाडी ठेवायलाच बंधनं आहेत, राहायचं तर दूरच. रस्त्यावर तर नाहीच, सुप्रीम कोर्टाच्या २०२४ च्या ग्रँट्स पास निकालानंतर शहरांना सार्वजनिक जागी मुक्काम करण्यावर बंदी लावायला मोकळीक आहे.

छोटू: नाही नाही, पार्कातच. पण मेट्रोमधल्या काही पार्कात वेटिंग लिस्ट आहे आणि दोन ठिकाणी विचारलं १० वर्षांपेक्षा जुनी गाडी चालणार नाही म्हणाले

ताई: म्हणूनच क्रम उलटा कर. आधी जागा, मग गाडी. जागा पक्की झाली की तिथे कुठल्या वर्षाची आणि किती फुटांची चालते, ३० की ५० ॲम्प, थंडीत पाणी चालू ठेवतात की बंद करतात हे सगळं विचार आणि त्यात बसेल तीच गाडी शोध. घेताना छतावर चढून बघ, कोपऱ्यातल्या भिंती आणि जमीन हाताने दाबून बघ, आणि थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील पण सर्टिफाईड इन्स्पेक्टरकडून तपासून घे, विकणाऱ्याच्या माणसाकडून नाही

मिनू: मी उद्या आमच्या एचआरला मेल टाकते, पत्ता मेट्रोतच बदलला तर काय काय करावं लागेल ते

काका: मेल मला पण दाखव पाठवायच्या आधी.

छोटू: आणि लीजचं मालकाला विचारतो की वर्षाऐवजी महिन्या-महिन्याने चालेल का, थोडे जास्त घेतले तरी. मेमध्येच हलायला पाहिजे असं काही नाही मग

ताई: हे बेस्ट. आणि जानेवारीत एक महिना कोणाची तरी ट्रेलर भाड्याने घेऊन तिथेच मेट्रोतल्या पार्कात राहा, दोघांचं काम चालू असताना. मी आणि भावोजी तेव्हा न्यू मेक्सिकोत असू, पहिल्या आठवड्यात येऊन होज आणि स्कर्टिंग लावून देतो