नवी जीन्स : आधी धुवायची की आधी अल्टर करायची?

बी-६०२ : नमस्कार मंडळी. लेकाला नवी जीन्स आणली आहे. आतल्या पट्टीवर ९८ टक्के कॉटन, २ टक्के इलास्टेन (रबरासारखा ताणणारा धागा) लिहिलंय. आतली शिवण (दोन पायांच्या सांध्यापासून खाली टोकापर्यंत) ३० इंच आहे, त्याला २९ लागते. आधी टेलरकडे देऊ की आधी धुऊ? आणि वॉशर-ड्रायरमध्येच वाळवली तर चालेल का?

ए-३०४ : गार पाण्यात धुवा ताई, काही होत नाही. आटते ती गरम पाण्याने.

सी-१०१ : हे अर्धंच बरोबर आहे. गार पाण्यातही थोडी आटतेच. गिरणीत विणताना आणि नंतरच्या प्रक्रियेत उभा धागा सतत ताणलेला असतो. पाणी लागलं की तो ताण सुटतो. शिवाय कापसाचा तंतू पाण्यात फुगून जाड होतो, लांबीला मात्र फारसा वाढत नाही. मग उभ्या धाग्याला आडव्या धाग्यावरून मोठा वळसा घ्यावा लागतो आणि कापड तेवढं आखूड होतं. जीन्सचा उभा धागा कमरेकडून पायाकडे जातो, म्हणून आटणं आधी उंचीत दिसतं. उष्णता आणि ड्रायरमधली आदळआपट हेच काम आणखी पुढे नेतात.

ए-३०४ : पण काका, हल्ली बहुतेक जीन्स 'प्री-श्रंक', म्हणजे आधीच आटवलेल्या, असतात ना?

सी-१०१ : असतात. त्या प्रक्रियेला सॅन्फरायझिंग म्हणतात, अमेरिकेतल्या सॅन्फर्ड क्लुएट यांनी १९३० मध्ये तिचं पेटंट घेतलं. ओलसर कापड जाड रबरी पट्टा आणि तापलेला रोलर यांच्यामध्ये दाबून लांबीत आधीच आटवून घेतात. तरी १ ते ३ टक्के उरू शकतं. ३० इंचांवर ३ टक्के म्हणजे जवळजवळ १ इंच! ही प्रक्रिया न झालेलं कोरं डेनिम (जीन्सचं कापड) तर १० टक्क्यांपर्यंत आटतं.

डी-७०३ : धुण्याचं मी सांगते. चेन लावा, बटण लावा, खिसे रिकामे करा आणि जीन्स उलटी करा. फ्रंट लोडला 'कॉटन' प्रोग्रॅम लावू नका, बऱ्याच मशीनमध्ये तो आपोआप ४० किंवा ६० अंशांवर जातो. तापमान स्वतः बघून ३० अंश किंवा 'कोल्ड' करा. स्पिन मिनिटाला ६०० ते ८०० फेरे, त्यावर नको. जास्त वेगात कापडाला पक्क्या घड्या पडतात आणि तिथे रंगाच्या पांढुरक्या रेघा उठतात. ७ किलोच्या मशीनमध्ये तीन, फार तर चार जीन्स. ओल्या डेनिमला फिरायला जागा लागते.

पावडर वापरत असाल तर मगभर कोमट पाण्यात विरघळवून घ्या. गार पाण्यात ती नीट विरघळत नाही आणि गडद जीन्सवर पांढरे डाग राहतात. लिक्विड असेल तर हा प्रश्नच नाही.

बी-६०२ : रंग पक्का व्हायला आधी मिठाच्या पाण्यात भिजवू का? की व्हिनेगर?

सी-१०१ : दोन्हींचा उपयोग नाही. जीन्सचा निळा रंग, म्हणजे इंडिगो, मुळात पाण्यात विरघळतच नाही. तो धाग्याच्या बाहेरच्या थरावर बसलेला असतो, आतला गाभा पांढराच राहतो. जातो तो वरचा सुटा रंग, घासून. म्हणूनच उलटी करून धुवायची. पहिल्या दोन-तीन धुण्यांना वेगळी टाका, एवढं पुरे.

डी-७०३ : आता ड्रायर. पट्टीवर चौकोनात गोल असतो तो बघा. आत एक ठिपका म्हणजे कमी उष्णता, ६० अंशांपर्यंत. दोन ठिपके म्हणजे ८० पर्यंत. चिन्हावर फुली असेल तर ड्रायर अजिबात नाही. तुमच्या जीन्समध्ये इलास्टेन आहे, त्याला उष्णता सोसत नाही. कापूस आटतो आणि इलास्टेनची लवचीकता जाते, मग उंची कमी आणि गुडघ्याला फुगे, असं दोन्ही बाजूंनी नुकसान. माझं मत विचाराल तर ड्रायर टाळाच. अगदीच पावसाळ्यात नाइलाज झाला तर 'लो' वर १५-२० मिनिटं फिरवा आणि ओलसर असतानाच काढा. कडकडीत होईपर्यंत ठेवलं की जास्तीचं आटणं तिथेच होतं. वॉशर-ड्रायरची वाळवायची क्षमता धुण्यापेक्षा कमी असते, तेही ध्यानात ठेवा.

ए-१०२ : दांडीवर कशी घालायची? कमरेने की पायाने?

डी-७०३ : आधी महत्त्वाचं. मशीनमधून काढल्या काढल्या दोन जोरदार झटके द्या, टेबलावर पसरा आणि आतली-बाहेरची शिवण दोन्ही हातांनी लांबीत ओढा. शिवणीचा दोरा बहुधा पॉलिएस्टरचा, तो आटत नाही. कापड आटतं, म्हणून शिवणीला चुण्या पडतात. ओल्यात ओढलं की त्या बसतात. शुद्ध कॉटन असेल तर पायाच्या टोकांना चिमटे लावून कंबर खाली सोडा, कमरेच्या वजनाने उंची धरून राहते. तुमच्यासारखी इलास्टेन असलेली स्ट्रेच जीन्स मात्र लटकवू नका, दांडीवर मधोमध टाका. उलटीच ठेवा, खिसे बाहेर काढा, सावली आणि वारा हवा. खिशांच्या तळाशी ओल राहिली की पावसाळ्यात कुबट वास तिथूनच येतो.

ए-१०२ : आणि आटून गेलेली पुन्हा लांब होते का?

सी-१०१ : काही प्रमाणात. ३० अंशांच्या पाण्यात अर्धा तास भिजवा, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, लांबीत ओढा आणि तशीच वाळवा. अर्धा-पाऊण इंच मिळू शकतो. पण पुढच्या धुण्यात तो पुन्हा जातो, दर वेळी ओढावं लागतं.

बी-६०२ : मग टेलरकडे कधी?

सी-१०१ : दोनदा धुऊन झाल्यावर. आणि पुढे जशी वाळवणार आहात, तशीच या दोन्ही वेळा वाळवा. आत्ता दांडीवर वाळवून २९ इंचांवर कापली आणि जुलैत ड्रायरमध्ये टाकली तर घोट्याच्या वर जाईल. माप घ्यायच्या आधी त्याला तासभर घालून हिंडू द्या, गुडघ्यामागे चुण्या पडल्या की पाय थोडा वर सरकतो. बूट घालून माप घ्या आणि टेलरला आत दीड इंच कापड दुमडून ठेवायला सांगा, मुलगा वाढता आहे.