चरित्रं-आत्मचरित्रं वाचताना तुम्हाला नक्की काय धरून ठेवतं?

मधलं_पान:
बऱ्याच दिवसांपासून विचारायचं होतं. हल्ली माझं वाचन म्हणजे चरित्रं, आत्मचरित्रं, आठवणी एवढंच उरलंय. कादंबरी घेतली की दोन प्रकरणांत मन उडतं, आणि कुणाच्यातरी आयुष्याचं जाडजूड पुस्तक मात्र रात्री जागून संपतं. बरं तो माणूस आवडता असायलाच हवा असंही नाही, ज्या क्षेत्रातलं मला ओ की ठो कळत नाही तिथला कुणीही चालतो.

लोक म्हणतात प्रेरणेसाठी वाचत असशील. माझ्या बाबतीत ते खरं नाही, 'मी असा घडलो, तुम्हीही घडा' छापाचं पुस्तक मला पुढे वाचवतच नाही. मला खेचतं ते हे, की जगताना त्या माणसाला पुढचं काहीच माहीत नसतं आणि आपल्याला सगळं माहीत असतं, तरी आपण धाकधूक घेऊन वाचतो. डार्विनचंच घ्या. बीगल जहाजावर जायचं आमंत्रण आलं तेव्हा वडील साफ नाही म्हणाले, फक्त एवढी सवलत ठेवली की एखादा समजूतदार माणूस 'जा' म्हणणारा आणलास तर परवानगी देतो. तो माणूस निघाला मामा, आणि मामा स्वतः वडिलांशी बोलला म्हणून गाडी पुढे सरकली. मग कॅप्टन फिट्झरॉयला याचं नाक पसंत पडेना! चेहऱ्यावरून स्वभाव कळतो असं तो मानायचा, आणि असल्या नाकाच्या माणसात एवढ्या प्रवासाला लागणारी जिद्द नसणार असं त्याला वाटलं. ही १८३१ ची गोष्ट. तिथेच मोडलं असतं तर ती पाच वर्षांची सफर त्याच्या वाट्याला आलीच नसती, आणि जहाज याला घेऊनच सुटणार हे पक्कं माहीत असूनही मी ती पानं वाचताना अस्वस्थ होतो.

तुमचं काय? आणि आत्मचरित्रातलं सगळं खरं धरून वाचता का?

निळी_शाई:
अगदी मनातलं लिहिलंत. माझं कारण जरा वेगळं, मला बारीकसारीक तपशिलांचं वेड आहे. डार्विनचा विषय निघालाच आहे तर त्याच्या आठवणींतला भुंगेऱ्यांचा किस्सा बघा. कॉलेजच्या वयात झाडाची जुनी साल सोलताना दोन दुर्मिळ भुंगेरे दिसले, दोन हातांत दोन धरले, तेवढ्यात तिसरा, वेगळ्याच जातीचा. तो सोडवेना म्हणून याने उजव्या हातातला सरळ तोंडात टाकला. त्या किड्याने असा जळजळीत रस सोडला की जीभ भाजली, थुंकावा लागला, तोही गेला आणि तिसराही गेला. उत्क्रांतीवर कितीही वाचलं असतं तरी हा माणूस मला एवढा कळला नसता जेवढा या चार ओळींत कळला.

दुसरं म्हणजे आवाज. लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे १९३४ पासून भागाभागाने पुस्तकरूपात आली, लिहिणारी बाई शाळेत कधी गेलेली नाही, आणि वाक्य असं की समोर बसून बोलतायत. नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला तेव्हाचा त्यांचा आकांत आणि नंतर हळूहळू त्यांचं स्वतःचं मन बदलत जाणं, दोन्ही त्याच मोकळेपणाने येतं. कुणावर सूड उगवलेला नाही, स्वतःची वकिली केलेली नाही. असा आवाज मला कादंबरीत क्वचित मिळतो.

तळटीप:
खरं-खोट्याबद्दल लिहितो. मी सगळं खरं धरून वाचत नाही, पण त्याने मजा कमी होत नाही, उलट वाढते. आठवण दर वेळी काढताना थोडी नव्याने रचली जाते हे मानसशास्त्रात आता मान्य झालेलं आहे. आणि चाळिशी ओलांडलेल्यांना आयुष्यातलं काय आठवतं विचारलं तर साधारण दहा ते तीस या वयातलं जास्त निघतं, त्यामुळे आत्मचरित्रांत बालपण, तारुण्य पानंच्या पानं असतं आणि नंतरची वर्षं भराभर संपतात याचं मला नवल वाटत नाही.

मी मुद्दाम बघतो ते काय गाळलंय. डार्विनने त्या आठवणी १८७६ मध्ये मुलाबाळांसाठी लिहिल्या. तो गेल्यावर मुलाने १८८७ मध्ये छापल्या, पण धर्माबद्दलचे काही उतारे वगळून, कारण आईला ते छापलेले नको होते. ते सगळे परत घातले त्याच्या नातीने, नोरा बार्लोने, १९५८ मध्ये. म्हणजे सत्तर वर्षं लोक वाचत होते ते घरच्यांनी निवडून दिलेलं. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून वाचा, त्या घरातल्या बायकोची काळजी, मुलाची कुचंबणा, सगळं दिसायला लागतं आणि ते कुठल्याच पानावर लिहिलेलं नाहीये.

कुठे थांबलेत तेही बघा. गांधीजींनी १९२५ पासून नवजीवनमध्ये हप्त्याहप्त्याने आत्मकथा लिहिली, आणि थांबले ते १९२० च्या आसपासच्या घटनांवर, का तर तिथून पुढचं आयुष्य इतकं सार्वजनिक होतं की लोकांना माहीत नाही असं फारसं काही उरलेलं नाही. दुसऱ्या कुणी तिथूनच सुरुवात केली असती.

पुन्हा_एकदा:
प्रेरणेला एवढं मोडीत काढू नका हो. लांबलेल्या आजारपणात मी फक्त अशीच पुस्तकं वाचली. यशाच्या गोष्टी नको होत्या, पण कोंडीत सापडल्यावर दुसऱ्याने दिवस कसे काढले हे मात्र अगदी हवं होतं. ग्रँट आठवतो. अमेरिकेतलं यादवी युद्ध जिंकणारा सेनापती, दोनदा राष्ट्राध्यक्ष, आणि १८८४ मध्ये भागीदाराने फसवल्यामुळे पार कंगाल. त्याच वर्षी घशाचा कॅन्सर. आपल्यामागे बायकोचं काय म्हणून लिहायला बसला, छापायची जबाबदारी मार्क ट्वेनने घेतली. शेवटी शेवटी आवाज गेला तर चिठ्ठ्या लिहून बोलायचा, पण लिखाण सोडलं नाही. जुलै १८८५ मध्ये काम हातावेगळं केलं आणि थोड्याच दिवसांत गेला. त्या पुस्तकाचे बायकोला साडेचार लाख डॉलरच्या आसपास मिळाले, त्या काळात!

तळटीप म्हणतात तसं गाळणं इथेही आहे, राष्ट्राध्यक्षपदाची आठ वर्षं जवळजवळ नाहीतच. पण हे एवढं दुखणं सोसत लिहिलंय याचा मागमूस लढायांच्या वर्णनात कुठे लागत नाही, साधी सरळ वाक्यं आहेत. मला तेव्हा त्याचा फार आधार वाटला. याला प्रेरणा म्हणायचं तर म्हणा.

मधलं_पान:
ग्रँटचं हे माहीत नव्हतं, धन्यवाद. आणि तुमचं पटलं, मी ज्याला नाही म्हणत होतो ते हे नव्हे. तळटीप, मग आत्मचरित्रापेक्षा दुसऱ्याने लिहिलेलं चरित्र जास्त विश्वासाचं म्हणायचं का?

तळटीप:
तसं सरसकट नाही म्हणता येणार. चरित्रकाराकडे पत्रं असतात, रोजनिश्या असतात, एकाच प्रसंगाबद्दल चार जणांचं चार प्रकारचं सांगणं असतं, ही मोठी जमेची बाजू. पण अधिकृत चरित्र असेल तर कागद घरच्यांच्या कपाटात असतात, आणि ते कुणासाठी आणि कितपत उघडायचं हेही घरचेच ठरवतात. शिवाय माणसाला आतून काय वाटत होतं हे चरित्रकाराला बाहेरूनच जुळवावं लागतं, तिथे घसरायला भरपूर वाव.

हे गोळा करायचं काम मात्र मला फार थोर वाटतं. आपल्या मराठीतला गद्याचा पहिला मोठा ग्रंथच मुळात चरित्र आहे. लीळाचरित्र, तेरावं शतक. चक्रधरस्वामींच्या सहवासात राहिलेल्या माणसांकडे जाऊन जाऊन म्हाइंभटांनी आठवणी जमवल्या, कोण कुठे भेटलं, काय विचारलं, स्वामी काय बोलले, अशा छोट्या छोट्या प्रसंगांतून अख्खा माणूस उभा केला. मी आधी आत्मचरित्र वाचतो, मग त्याच माणसाचं दुसऱ्याने लिहिलेलं चरित्र, आणि दोन्हीत जिथे मेळ बसत नाही तिथे थांबून टिपा वाचतो. वेळ जातो, पण सगळ्यात जास्त हाताला लागतं ते तिथेच.

निळी_शाई:
शब्दांकन केलेल्या आत्मचरित्रांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून सांगते. खेळाडू, नट यांची बरीचशी पुस्तकं दुसऱ्या कुणीतरी ऐकून लिहिलेली असतात आणि म्हणून लोक ती बाजूला टाकतात, हे मला अन्यायाचं वाटतं. ऐकणारा चांगला असेल तर तो असे प्रश्न विचारतो जे माणूस स्वतः लिहायला बसला तर स्वतःला कधीच विचारणार नाही. मी उघडल्या उघडल्या हरलेल्या सामन्याचं किंवा पडलेल्या सिनेमाचं प्रकरण शोधते, ते जिंकल्याच्या प्रकरणाएवढंच सविस्तर असेल, त्यात त्या रात्री कोण बरोबर होतं, घरी फोन केला की नाही, दुसऱ्या दिवशी सरावाला गेला का, असलं सगळं असेल तर डोळे मिटून पुस्तक घेते, मग शब्द कुणाच्याही हाताने का लिहिलेले असेनात.