अल्फा चांगला आला, म्हणून प्रश्नावली वैध ठरते का?

प्रश्न:
१२ आठवड्यांहून अधिक काळ कंबर दुखत असलेल्या रुग्णांसाठी आम्ही ऑस्वेस्ट्री प्रश्नावलीचे (कंबरदुखीमुळे रोजच्या जगण्यात किती अडचण येते हे मोजणाऱ्या दहा विभागांच्या प्रश्नावलीचे) भाषांतर केले आहे. उलट भाषांतर (भाषांतर पुन्हा मूळ भाषेत आणून ताडून पाहणे) आणि तज्ज्ञांची बैठक हे टप्पे पार पडले असून क्रोनबाख अल्फा (उत्तरांचा एकमेकांशी मेळ किती आहे हे सांगणारा आकडा) ०.७० च्या वर आला आहे. एवढ्या आधारावर प्रबंधात ‘प्रश्नावली वैध आहे’ असे लिहिता येईल का? शिवाय लैंगिक जीवनाविषयीचा विभाग बरेच रुग्ण कोरा सोडतात, तर तो काढून टाकावा का?

उत्तर १:
कृपया तसे लिहू नका. दहाही विभागांची उत्तरे एकमेकांशी जुळतात, एवढेच अल्फा सांगतो. ती जुळून नेमके काय मोजतात, हे त्यातून कळत नाही. तो विश्वसनीयतेचा, म्हणजे मापनातल्या सातत्याचा, भाग झाला. रचना वैधतेसाठी, म्हणजे जे मोजायचे तेच मोजले जाते का हे इतर मापनांशी ताडून पाहण्यासाठी, माहिती गोळा करण्याआधीच गृहीतके लिहून ठेवावी लागतात: कंबरदुखीच्याच २४ विधानांच्या रोलँड-मॉरिस प्रश्नावलीशी सहसंबंध बळकट असेल, वेदनेच्या ० ते १० मापनाशी मध्यम असेल आणि नैराश्याच्या मापनाशी त्याहून कमी असेल, अशी दिशा आणि तीव्रता दोन्ही नोंदवून. आकडे हाती आल्यावर कोणत्याही सहसंबंधाचे समर्थन करता येते, म्हणून हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

उत्तर २:
त्याही आधी आशय वैधता, म्हणजे प्रश्न विषयाला धरून आहेत का आणि रुग्णांना ते नीट कळतात का, हे तपासा, आणि ती केवळ तज्ज्ञांकडून नव्हे. पूर्वचाचणीत साधारण ३० ते ४० रुग्णांसमोर बसून प्रत्येक उत्तरामागचे कारण विचारावे, असा प्रघात आहे. आमच्या चाचणीत एका बाईंनी ‘हवा तितका वेळ उभी राहू शकते, दुखणे वाढत नाही’ या पर्यायावर खूण केली होती. कारण विचारल्यावर त्या म्हणाल्या, “मी उभी राहतच नाही, सगळी कामे बसूनच करते, मग दुखेल कशाला?” दुखण्याच्या धास्तीने उभे राहणेच सोडलेल्या रुग्णाला त्या विभागात शून्य गुण, म्हणजे काहीच अडचण नाही, अशी नोंद झाली असती. संगणकावरच्या कोणत्याही विश्लेषणात हे दिसले नसते. रोलँड-मॉरिसमध्येही ‘कंबरेमुळे’ हे शब्द नजरेआड होतात आणि रुग्ण गुडघेदुखीचे उत्तर देऊन जातो, तेही विचारून पाहा.

उत्तर ३:
विभाग काढू नका. काढलात तर ती वेगळी प्रश्नावली होईल आणि इतर अभ्यासांशी तुलना करता येणार नाही. प्रत्येक विभागाला जास्तीत जास्त ५ गुण असतात, म्हणून एक विभाग कोरा असल्यास ५० ऐवजी ४५ पैकी टक्केवारी काढतात. मात्र किती जणांनी तो सोडला, हे प्रबंधात अवश्य नोंदवा, कारण तेही आशय वैधतेविषयीचेच निरीक्षण आहे. पुनर्चाचणी घेणार असाल, म्हणजे त्याच रुग्णांकडून प्रश्नावली पुन्हा भरून घेणार असाल, तर एक-दोन आठवड्यांनी ‘मधल्या काळात दुखण्यात फरक पडला का?’ हे विचारून, फरक न पडलेल्यांचीच उत्तरे ताडून पाहा.