आठवी ते दहावीच्या पोरांनी आपला वर्ग झाडायचा का? तुमचं मत सांगा

सातारकर_आई
माझा मुलगा नववीला आहे, साताऱ्यातच, शाळेचं नाव घेत नाही. यंदा शाळेनं नियम केलाय की आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी रोज शाळा सुटताना आपला वर्ग स्वतः झाडायचा, शनिवारी पाण्याची टाकी धुवायची, आणि वर्गातलं काही मोडलं तर कुणी मोडलं ते वर्गानं आपसात ठरवून भरून द्यायचं. पालकसभेत यावरून नुसता गदारोळ झाला, एक गृहस्थ तर उठून म्हणाले की आम्ही फी भरतो ती पोराच्या हातात झाडू द्यायला नाही.

मला नियम मनापासून पटलाय. रोज परिपाठाला श्रमप्रतिष्ठा, नीटनेटकेपणा, वक्तशीरपणा ही मूल्यं माईकवर बोलून होतात, नववी दहावीला स्वविकासाची वेगळी श्रेणीसुद्धा असते, पण त्याचा प्रकल्प बऱ्याच घरी आई रात्री जागून लिहिते आणि चार्ट स्टेशनरीच्या दुकानातनं तयार आणतात. मग त्यात पोरगं काय शिकलं? पंधरा वर्षांच्या पोराला खरं काम द्या, ते केलं नाही तर वर्ग घाण राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच घाणीत बसू द्या, त्याशिवाय जबाबदारी कळत नाही. आणि हे साताऱ्यात कुणाला नवीन वाटावं याचंच मला वाईट वाटतं, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, तिथली पोरं दळण, स्वयंपाक, झाडलोट, शेतीकाम सगळं स्वतः करून शिकली. स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद हे वाक्य आपण सगळे लहानपणापासून वाचतोय.

कृष्णाकाठ_सांगली
ताई, कर्मवीरांचं उदाहरण इथं बसत नाही. त्या पोरांना घरी खायला नव्हतं, बोर्डिंग चाललं तरच त्यांचं शिक्षण चालणार होतं, आपल्या हातानं दळलेल्या पिठाची भाकरी ते आपणच खात होते. आणि नुसतं पोरांनीच केलं असंही नाही, कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा त्या पोरांच्या पोटासाठी मोडलं. मोठ्यांनी आधी स्वतःचं दिलं आणि मग पोरांना कामाला लावलं. आजची संस्था फी घेते, बिल्डिंग फंड घेते आणि वर पोरांना संस्कार म्हणून झाडू देते. अनुदानित शाळांत शिपायांची पदं भरायची सोडून शाळेला ठरावीक भत्ता द्यायचा निर्णय २०२० ला झाला, तेव्हापासून शिपाई मिळत नाही ही खरी अडचण आहे. ती अडचण पोरांच्या चारित्र्याच्या नावावर खपवू नका एवढंच माझं म्हणणं.

माणदेशी_गुरुजी
मी माण तालुक्यात शिकवतो. आमच्याकडं पोरं पहिल्यापासनं वर्ग झाडतात, त्यावर कुणी सभा घेत नाही. पण शहरातल्या लोकांनी एक बारकाईनं बघा, झाडू कुणाच्या हातात जातो. "चला रे वर्ग झाडा" एवढंच सांगून गुरुजी ऑफिसात गेले की पाच मिनिटांत मुली झाडायला लागलेल्या असतात आणि मुलं बाक उचलायच्या नावाखाली व्हरांड्यात उभी. मी हजेरीच्या नंबरानं पाळी लावतो, पाच पाच जणांची, मुलगा मुलगी मिसळून, कागद दारामागं चिकटवलेला, माझंही नाव त्यात शेवटी आहे आणि माझ्या पाळीला मी झाडतो. सुरुवातीला पोरं हसली, आता गुरुजींनी कोपरा सोडला तर तेच दाखवतात. काम देणं सोपं आहे, ते सगळ्यांना सारखं वाटून देणं आणि रोज बघणं यात मास्तराचा जीव जातो. ते करायची तयारी नसेल तर नियम करू नये.

मिरजेचा_वाचक
गुरुजींनी विषय काढला म्हणून लिहितो. माझ्या वडिलांच्या शाळेत झाडायला नेहमी आमच्याच वस्तीतली दोन पोरं उठवायचे, बाकीची बसून पाढे म्हणायची, आणि हे सांगताना वडील आजही आवाज खाली करतात. त्यामुळं "कामात कसली लाज" हे वाक्य ज्यांना कधी लाजवलं गेलं नाही त्यांनी फार सहज म्हणू नये. मी नियमाच्या विरोधात नाही. उलट ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या कुणी झाडू धरला नाही त्यांच्या पोरांनी तो धरावा असं मला फार वाटतं, कर्मवीरांच्या बोर्डिंगमध्ये सगळ्या जातींची पोरं एकत्र रांधत होती एकत्र जेवत होती, त्याचं मोल तिथंच आहे. पण ज्या दिवशी एका गृहस्थांच्या पोराला आईच्या चिठ्ठीवर सूट मिळेल त्या दिवशी तो नियम माझ्यासाठी संपला.

जुना_हेडमास्तर
एवढी चर्चा कशाला. आमच्या वेळी छडी होती तेव्हा पोरं वेळेवर यायची, खरं बोलायची, मास्तर दिसला की सायकलवरनं उतरायची. छडी काढली आणि वळण गेलं.

कृष्णाकाठ_सांगली
सर, मान राखून सांगतो, ते वळण छडी दिसेपर्यंतच होतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं २०१० पासनं मारायला आणि मानसिक छळाला दोन्हीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. मारानं पोरगं खोटं बोलायला शिकतं, कुणी केलं विचारलं की पहिलं वाक्य "मी नव्हतो". आणि यावरनंच ताईंच्या नियमातला तिसरा भाग मला सगळ्यात जास्त खटकतो. कुणी मोडलं हे वर्गानं ठरवायचं? माझ्या भाच्याच्या वर्गात नळाची चावी तुटली तर सगळ्यांनी मिळून एका मुक्या मुक्या राहणाऱ्या पोराचं नाव दिलं, कारण तो उलटून बोलणार नव्हता. त्यानं पैसे आणून दिले. तुटली तेव्हा तो ग्राउंडवर होता. यातनं वर्ग काय शिकला?

सातारकर_आई
दादा हे वाचून पोटात गोळा आला. नाव विचारायचंच नाही असं करता येईल, मोडलं तर दुरुस्तीचे पैसे सगळ्या वर्गाकडून सारखे, आणि दुरुस्त करणाऱ्या माणसाबरोबर दोन पोरांनी उभं राहून ते काम बघायचं. ज्यानं मोडलं त्याला आतून कळतंच की आपल्यामुळं चाळीस जणांना भुर्दंड बसला.

पण विरोध करणाऱ्या पालकांना मला एक विचारायचंय. सकाळी क्लासच्या वेळेला पोवई नाक्यावर उभं राहा, दहावीची पोरं ट्रिपल सीट गाडीवर. सोळा वर्षांच्या पोराला गिअर नसलेली पन्नास सीसीपर्यंतची गाडीच फक्त लायसन काढून चालवता येते. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन पोरानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड आहे, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द, आणि त्या पोराला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. तरी चावी बाप देतो. झाडू हातात दिला तर पोरगं लहान आहे म्हणायचं आणि गाडीची चावी देताना मोठं झालंय म्हणायचं, यातलं खरं कुठलं?

कराडची_समुपदेशक
दोन्ही थोडं थोडं खरं आहे. पुढचा विचार करणं, मोह आवरणं यासाठी मेंदूचा जो पुढचा भाग लागतो तो पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो, म्हणून भरधाव गाडी हे त्या वयाला झेपणारं काम नाही आणि वर्ग, टाकी, लहान भावंडाचा डबा ही झेपणारी कामं आहेत. चूक झाली तर निस्तरता येईल एवढं काम द्यायचं. आणि नियम करताना पोरांना बसवून विचारायचं, स्वतः केलेला नियम ती आपल्यापेक्षा कडक पाळतात हे मी गटात काम करताना नेहमी बघते.

कृष्णाकाठ_सांगली
यावर माझी हरकत नाही. पण दहावीला जानेवारीपासून सूट पाहिजे, बोर्डाची परीक्षा तोंडावर असते.

माणदेशी_गुरुजी
सूट देऊ नका. दहा मिनिटांच्या झाडण्यानं कुणाचे मार्क जात नाहीत. मोठी पोरं सुटली की आठवीवाले म्हणतात हे आपल्याला ल्हान म्हणून लावलंय, आणि दोन वर्षांनी तीच दहावीत जातात.

कृष्णाकाठ_सांगली
मी तरी सूट मागणारच गुरुजी, माझ्या पोरीला मी ओळखतो, ती ताण घेते. ताई, पुढची पालकसभा झाली की काय ठरलं ते इथं लिहा.

सातारकर_आई
पुढच्या शनिवारी आहे. प्रत्येक वर्गातला एक मुलगा आणि एक मुलगी सभेला बसवा म्हणून मी अर्ज देतेय, आणि पहिल्यांदा त्यांना बोलू द्यायचं, पालकांनी नंतर. गुरुजी, तुमच्या त्या पाळीच्या कागदाचा फोटो टाकता का, हेडबाईंना दाखवायचाय.